माझी कंबर आणि थोरल्या मामंजींचा मध

माझ्या कमरेची काळजी माझ्या सासरी त्याआधी कुणी केल्याचं मला आठवत नाही. सिडकोतल्या घरापासून शाळेपर्यंत मी रोज स्कूटीवरून जाते, आणि त्या रस्त्यात डांबर कमी, खड्डे जास्त. शाळेत दिवसभर उभं राहून आठवी-नववीला गणित शिकवायचं, घरी येऊन ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटायच्या. इतक्या वर्षांत कुणी म्हणालं नाही की बाई, जरा टेक, कंबर दुखत असेल. मग मला नववा लागला. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून सांगितलं की बाळाचं डोकं वर आणि पाय खाली आहेत, आता फिरण्याची चिन्हं नाहीत, सिझर करावं लागेल. त्यासाठी कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतील. त्या संध्याकाळपासून माझी कंबर ही सगळ्या खानदानाची मालमत्ता झाली.

सिझर या शब्दाला कुणाची हरकत नव्हती. उलट बाळ पायाळू आहे म्हटल्यावर घरात आनंदच पसरला. पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी दिसतं, त्याचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण उतरते, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. वाद इतकाच झाला की पोट कापून काढलेलं मूल पायाळू धरायचं की नाही. नणंदेचं म्हणणं, पाय आधी बाहेर आले तरच धरायचं. नवऱ्याचं म्हणणं, तसं डॉक्टरांना सांगून ठेवता येईल. तो वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, आणि कुठला भाग आधी सोडवायचा हे तिथं खरंच सांगून ठेवता येतं.

हरकत होती ती कमरेतल्या इंजेक्शनला, आणि त्या हरकतीला पुरावा होता. पुरावा आमच्याच घरात राहत होता, खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणत होता आणि झोपताना त्याला गरम पाण्याची पिशवी लागत होती. हा पुरावा म्हणजे माझ्या सासूबाईंची कंबर. माझा नवरा सिझरनं झालेला. त्या वेळी कमरेत टोचलं आणि तेव्हापासून कंबर गेली, हे मी लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून ऐकत आले होते. पाहुण्यांना चहा देताना सासूबाई हे सांगायच्या, भाजीवाल्याला सांगायच्या, रिक्षावाल्याला हळू चालव म्हणतानाही सांगायच्या.

"बाई, माझं ऐक," त्या मला म्हणाल्या, "कमरेत सुई घेऊ नको. पुरी भूल द्या म्हणावं. झोपायचं अन् उठायचं, काय समजत नाय. माझी बघ काय गत झाली."

मी म्हटलं, "आई, मला जागं राहायचंय."

"जागं राहून काय करणार? तिथं काय कीर्तन हाय?"

जागं राहून काय करणार, याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. याआधी एकदा मला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. तेव्हा मला झोपवून पिशवी साफ केली. डोळे उघडले तेव्हा नवरा, सासूबाई, माझी आई असे सगळे खाटेभोवती उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. जे झालं ते माझ्या अंगात झालं, आणि मी सोडून बाकी सगळे तेव्हा जागे होते. त्याचा राग मला अजून येतो. तो कुणावर काढायचा हे ठरत नाही, म्हणून तो जातही नाही. या वेळी मला झोपायचं नव्हतं. चांगलं होवो की वाईट, माझं मूल जगात येताना मी तिथं हजर असणार, एवढंच मला हवं होतं.

पण आमच्या घरात कुणाला काय हवं आहे ते बैठकीशिवाय ठरत नाही. बैठकीसाठी रविवारी थोरले मामंजी आले. थोरले मामंजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे मोठे भाऊ. सासरे आता नाहीत, त्यामुळे आमच्या घरातले मोठे निर्णय हे येऊन घेतात आणि छोटे निर्णय पैठणजवळच्या आपल्या गावी बसून फोनवर घेतात. एके काळी ते सरपंच होते. पद गेलं, पण उभं राहून बोलायची सवय राहिली. येताना त्यांनी मळ्यातल्या पोळ्याचा मध बरणीत भरून आणला होता. ती बरणी शोकेसमध्ये नवऱ्याच्या कॉलेजच्या ढालीशेजारी ठेवण्यात आली. मला वाटलं, सुनेला अशक्तपणा आलाय म्हणून आणला असेल. गरोदरपणात माणूस जरा भाबडं होतं.

बैठकीला मीही होते, पण अध्यक्षस्थानी माझी कंबर होती.

"मणका म्हंजी माणसाचा खांब," थोरले मामंजी उभे राहून म्हणाले. "खांबाला कुणी भोक पाडतं व्हय?"

"नाय," नणंद म्हणाली. तिला खास या बैठकीसाठी बोलावलं होतं आणि ती आल्यापासून प्रत्येक ठरावाला अनुमोदन देत होती.

नवऱ्यानं मोबाइलवर वाचून सांगितलं की हल्ली बहुतेक ठिकाणी सिझरला कमरेतलंच इंजेक्शन देतात, आईला आणि बाळाला तेच बरं समजतात. त्याच्या आईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग त्यानं आणखी थोडं खाली वाचलं आणि सांगितलं की काही जणींचं नंतर डोकं दुखतं असंही इथं लिहिलंय. "दोन्हींचे फायदे-तोटे आहेत," तो म्हणाला. हे वाक्य तो लग्न झाल्यापासून म्हणतोय. घर भाड्यानं घ्यायचं की विकत, मी आणि माझी सासू यांच्यात चूक कुणाची, सगळीकडे त्याला दोन्हींचे फायदे-तोटे दिसतात.

"अन् दुसरी गोष्ट," थोरले मामंजी म्हणाले, "पुरी भूल दिली म्हंजी लेकरू आधी आपल्या हातात येतं. निवांत मध चाटवता येतो. आई जागी असली की हे डॉक्टर लोक लेकरू तिच्याच छातीला लावून बसतात. मग आपण कवा चाटवायचा?"

नणंद पदराशी चाळा करू लागली. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, फक्त ते माझ्यासमोर बोलायचं नाही हे थोरल्या मामंजींना सांगायचं राहून गेलं होतं.

आमच्याकडे समजूत अशी की बाळाला पहिला मध ज्याच्या बोटानं मिळतो, त्याचे गुण बाळाला लागतात. शाळा, संस्कार, आईबापांचं रक्त हे सगळं त्याच्या नंतर. त्यामुळे मध कुणी चाटवायचा ही साधी गोष्ट नसते, तिच्यावरून भावकीत वर्षानुवर्षं अबोले चालतात. माझ्या नवऱ्याला पहिला मध थोरल्या मामंजींनी चाटवला होता. त्यांचा नेतृत्वाचा गुण त्याच्यात नेमका कुठं उतरलाय ते मी अजून शोधते आहे.

एकदा विषय उघड झाल्यावर मग संकोच उरला नाही. थोरल्या मामंजींची उमेदवारी घरातून बिनविरोध होती. पण संध्याकाळी खुलताबादहून माझ्या आईचा फोन आला आणि तिनं माझ्या भावाचं नाव पुढं केलं, कारण तो सरकारी नोकरीत लागला आहे आणि कुणाला उलट बोलत नाही. नणंदेला वाटत होतं की आत्याचा मान पहिला. तिच्या स्वतःच्या मुलीला तिच्या सासऱ्यांनी चाटवला आणि मुलगी अतिशय तोंडाळ निघाली, तर निदान भावाच्या लेकराचं तरी नीट व्हावं, अशी तिची भावना होती. आठवडाभर फोन चालू होते. त्या आठवड्यात माझ्या बाळाची हालचाल कशी आहे हे मला एकाच माणसानं विचारलं, आणि ती खालच्या मजल्यावरची शेजारीण, आमची खाला होती.

खालाचं घर आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली. त्यामुळे आमच्या सगळ्या बैठकांचं इतिवृत्त तिला तोंडपाठ असतं. ती शेवयांचा डबा घेऊन वर आली आणि सासूबाईंच्या समोरच म्हणाली, "मेरी दोनों बच्चियों को कमर में दिए थे. अब्बी गॅस का सिलेंडर अकेली उठाती. मध नक्को बोल रई मैं, ऐसा नई. हमारे में बी दादा खजूर चाबके लगाते. लेकिन उसके वास्ते मां को बेहोश करते क्या?"

सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या पोरींचं हाड चांगलं."

"हाड नई, आराम मिला उनको," खाला म्हणाली आणि डबा ठेवून निघून गेली.

अखेर डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं की भूल देणाऱ्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या, काय शंका असतील त्या विचारा. माझ्या शंका मला एकटीलाच विचारता आल्या असत्या. पण आम्ही पाच जण गेलो, मी, नवरा, सासूबाई, नणंद आणि खास गावाहून पुन्हा आलेले थोरले मामंजी. आमच्या शहरात भूल देणारे डॉक्टर एका ठिकाणी बसत नाहीत. सकाळी एका दवाखान्यात, दुपारी दुसऱ्या, बोलावणं येईल तसं जातात. या बाईही कुठूनतरी एक ऑपरेशन उरकून आल्या, हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं आणि आमच्या पलटणीकडे बघितलं.

"पेशंट कोण?" त्यांनी विचारलं. माझं पोट दरवाजातून माझ्या आधी आत आलं होतं, तरी त्यांनी विचारलं. बहुधा या घोळक्यात निर्णय कुणाचा आहे हे त्यांना बघायचं असावं.

त्यांनी मला खाणंपिणं, दम, ॲलर्जी, आधीची आजारपणं सगळं विचारलं. पहिली काही उत्तरं नणंदेनं दिली. नंतर त्या म्हणाल्या, "मी यांना विचारतेय," आणि मग नणंद गप्प बसली. मी म्हटलं, मला जागं राहायचंय. असं सरळ वाक्य बोलून मी पूर्ण केलं आणि मध्ये कुणी बोललं नाही, हे त्या महिन्यात पहिल्यांदा घडलं.

बाईंनी साध्या शब्दांत सांगितलं. कमरेत बारीक सुईनं औषध देतात, छातीखालचं अंग बधिर होतं, आई जागी राहते. औषध जिथल्या तिथं थोडंसंच लागतं, म्हणून बाळापर्यंत जवळजवळ काही जात नाही, बाळ तरतरीत येतं आणि लवकर अंगावर घेता येतं. रक्तदाब उतरू शकतो, मळमळतं, थंडी वाजते, पण त्याकडे लक्ष ठेवायला त्या शेजारीच असतात. क्वचित एखादीचं नंतर डोकं दुखतं, त्यावर इलाज आहे. सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणका राहतो. पूर्ण भूल दिली तर ते औषध थोडंफार बाळालाही पोचतं, मूल कधी कधी सुस्त येतं, आणि आईच्या श्वासाचीही जास्त काळजी घ्यावी लागते. "पण पूर्ण भूल म्हणजे वाईट असं नाही," त्या म्हणाल्या. "कधी फार घाई असते, कधी रक्ताचा त्रास असतो, कधी कमरेतलं लागू पडत नाही. तसं झालं तर मी पूर्ण भूल देणार, आणि तेव्हा कुणाला विचारत बसणार नाही. हे आधीच सांगून ठेवते."

"समदं बरोबर हाय," थोरले मामंजी उभे राहिले. "पण मणक्याचं काय? ह्या बसल्या ना आमच्या भावजयबाई. जल्माच्या अधू झाल्या."

सासूबाईंनी मान डोलावली आणि सवयीनं कमरेवर हात ठेवला. बाईंनी त्यांच्याकडे वळून अगदी मायेनं विचारलं, "आई, तुम्हाला कमरेत टोचलं तेव्हा बसवलं होतं का कुशीवर निजवलं होतं?"

"काय म्हाईत. नाकावर कायतरी धरलं. लई उग्र वास. डोळे उघडले तवा समदे पेढे खाऊन बसलेले."

"मग कमरेत टोचलं हे कुणी सांगितलं?"

सासूबाई विचारात पडल्या. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी केलाच नव्हता. त्या हळूच म्हणाल्या, "हे म्हणले." त्यांनी थोरल्या मामंजींकडे पाहिलं. "मी कंबर दुखती म्हणले तवा म्हणले, सुई दिलेली असती, तिचं दुखतं."

"आई, नाकावर मास्क धरून झोपवलं म्हणजे ती पूर्ण भूल. कमरेतलं इंजेक्शन दिलं की माणूस जागा असतो. तुम्हाला ते बहुतेक दिलंच नव्हतं."

माझा नवरा दोन्हींचे फायदे-तोटे शोधू लागला, पण त्याला एकही सापडला नाही.

"मग कंबर कशानं गेली?" थोरल्या मामंजींनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता.

"बाळंतपणानंतर किती दिवस आराम मिळाला तुम्हाला?" बाईंनी सासूबाईंना विचारलं.

"आराम कसला ओ," सासूबाई साध्या आवाजात म्हणाल्या, काल भाजी कुठली केली ते सांगावं तशा. "टाके काढले अन् म्या विहिरीवर. पाणी शेंदायला दुसरं कोण हुतं? वेचणीचे दिवस, माणसं कमी. थोरल्या जाऊबाईंना बरं नव्हतं. कापसाचे गठुडे उचलले, लेकरू काखेत. दुखायचं, पण बोलायचं कुणाला? मग हे म्हणले सुईनं हाय, तर म्या बी म्हणले, सुईनं असंल."

थोरले मामंजी भिंतीवरचं चित्र बघू लागले. ते आईच्या दुधाचं महत्त्व सांगणारं निघालं, म्हणून त्यांनी घाईनं नजर काढून पंख्याकडे नेली. मधाबद्दल विचारायचं मात्र ते विसरले नाहीत. बाईंनी सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून जिवावरचं दुखणं होऊ शकतं, पहिलं दूध आईचंच. "आम्ही समदे मधावरच वाढलो," मामंजी म्हणाले. "ज्यांना त्रास झाला ते सांगायला इथं नसतात," बाई म्हणाल्या आणि हेल्मेट उचललं, त्यांना पुढच्या दवाखान्यात जायचं होतं.

घरी परतताना गारखेड्याच्या वळणावर रिक्षा जोरात आदळली तरी सासूबाईंनी रिक्षावाल्याला काही सांगितलं नाही. मला त्यांची दया आली आणि थोडा आनंदही झाला, दोन्ही एकदम, आणि खरं सांगायचं तर आनंद जास्त झाला. माझ्या बाजूनं निकाल लागला होता.

सिझरच्या दिवशीही थोरल्या मामंजींनी मुहूर्त काढूनच आणला होता. पण मुहूर्ताच्या वेळी भूल देणाऱ्या बाई क्रांती चौकातल्या गर्दीत अडकल्या होत्या, आणि क्रांती चौकापुढं कुठल्याही पंचांगाचं काही चालत नाही. त्या आल्या तोवर शुभ घटका संपून साधी घटका चालू झाली होती. नवरा घाबरून तीन वेळा पाणी प्यायला. आम्हा दोघांनाही सह्या करायच्या होत्या. माझ्या कमरेत सुई जाणार म्हणून माझी, आणि तो दाराबाहेर उभा राहणार म्हणून त्याची.

आत मला टेबलावर बसवून उशी मिठीत धरायला दिली आणि पाठ बाहेर काढून वाका म्हणाले. नऊ महिन्यांचं पोट घेऊन वाकायला सांगणारी व्यक्ती स्वतः कधी गरोदर राहिली आहे का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण बाई मागून म्हणाल्या, "मला जमलं होतं, तुम्हालाही जमेल." सुई मुंगी चावल्यासारखी लागली. मग पायांत कोमट पाणी उतरावं तशी ऊब उतरली आणि पाय माझे राहिले नाहीत. बाईंनी बर्फाचा तुकडा पोटावर, मग छातीवर लावून विचारलं, कुठं गार लागतंय. छातीशी लागलं, खाली नाही. समोर हिरवा पडदा आला.

आणि मग मी घाबरले. इतके दिवस जागं राहायचं म्हणून भांडले होते, आणि आता जागी होते तर मला तिथून पळून जायचं होतं. पायच नव्हते, म्हणून पळाले नाही. मळमळलं, डोळ्यांपुढं अंधारलं, मी म्हटलं, बाई, मी चालले. "कुठं जात नाही तुम्ही, रक्तदाब उतरलाय जरा," त्या म्हणाल्या आणि सलाइनमधून काहीतरी दिलं. जरा वेळानं छत पुन्हा जागेवर आलं. त्या माझ्या डोक्याशी बसून होत्या. नववीला आता काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बहुपदी. माझा हात त्यांच्या हातात होता हे मला तेव्हा कळलं.

पडद्याच्या पलीकडे ओढाताण चालली होती. दुखत नव्हतं, पण कुणीतरी माझ्या पोटातलं कपाट उचकटून काहीतरी शोधतंय असं वाटत होतं. कुणीतरी म्हणालं, पाय आले. मग कुणी काहीच म्हणेना. एवढा वेळ बोलणारी माणसं एकदम का गप्प झाली हे मला समजत होतं आणि समजून घ्यायचं नव्हतं. मी बाईंचा हात दाबला. मागच्या वेळी याच शांततेत मी झोपलेली होते. या वेळी जागी होते आणि मला ती ऐकू येत होती, आणि मी मनात म्हटलं, काय असेल ते असो, मी इथं आहे.

मग रडणं आलं. आधी एक चिडका, तुटका आवाज, दार करकरतं तसा. मग जरा थांबून श्वास घेतला आणि एक मोठं, रागीट, लांबलचक रडणं. मी हसत होते आणि डोळ्यांतलं पाणी कानांत जात होतं. "मुलगी आहे," कुणीतरी म्हणालं. तिला पुसून माझ्या गालाशी आणलं. पाय अजून पोटातल्या सवयीनं वर दुमडलेले, नाक बसकं, डोळे उघडे आणि माझ्याकडे. माझा आवाज ऐकून ती गप्प झाली. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

बाहेर थोरले मामंजी चांदीची वाटी आणि बरणी घेऊन तयार होते. मुलगी म्हटल्यावर त्यांचा चेहरा किंचित उतरला, पण नवऱ्यानं आठवण करून दिली की गावचं सरपंचपद आता महिलांसाठी राखीव आहे, तेव्हा तो परत वर आला. नर्सबाई मात्र दारात उभ्या राहिल्या. बाळाच्या तोंडात आईच्या दुधाशिवाय काही जाणार नाही, ही त्यांच्याकडची सक्त ताकीद होती. मामंजींनी मानाची, परंपरेची, सरपंचकीची सगळी भाषणं केली. नर्सबाईंनी ती सगळी ऐकली आणि जागच्या हलल्या नाहीत. शेवटी दुपारी भुकेच्या वेळी मामंजींनी डब्यातली पोळी काढून तिला तोच मध लावून खाल्ली. त्यांचे गुण त्यांनाच परत लागले, यात कुणाचं नुकसान झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत मी, मुलगी आणि सासूबाई एवढ्याच होतो. बाकीचे जेवायला गेले होते. सुईच्या जागी थोडं ठणकत होतं, टाके त्याहून जास्त. सासूबाई पाळण्याशी बसून नातीकडे बघत होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "पहिलं रडली तवा कसा आवाज आला गं?"

मला वाटलं, काहीतरी बोलायचं म्हणून विचारताहेत. मी म्हटलं, "जोरात रडली."

"तसं नाय. आधी कसा आला? बारीक की मोठा?"

मी सांगितलं. आधी तुटका, चिडका आवाज, मग एक श्वास, मग मोठं रडणं. त्यांनी मान हलवली, पण समाधान झालेलं दिसलं नाही.

"म्या विचारलं होतं तवा," त्या म्हणाल्या. "शुद्धीवर आले अन् समद्यांना विचारलं, माझं लेकरू कसं रडलं? तर म्हणले, लेकरं रडत्यात तसं रडलं. कुणी ध्यानच दिलं नव्हतं. मध कुणी चाटवायचा त्याचंच भांडण चाललेलं. म्या उठले तवा त्ये झोपलं होतं."

इतकी वर्षं त्या कमरेबद्दल बोलत आल्या होत्या आणि आम्ही सगळे कमरेबद्दलच ऐकत आलो होतो. बैठका जिंकल्याचा सगळा तोरा कुठल्या कुठे गेला.

"करून दाखव ना," सासूबाई म्हणाल्या. "कसा आवाज होता?"

मी म्हटलं, "आई, टाके दुखतात."

"हळू कर."

मग मी, नववीला गणित शिकवणारी बाई, टाक्यांवर हात दाबून खाटेवर बसले आणि तान्ह्या मुलासारखी रडून दाखवू लागले. पहिल्यांदा नीट जमलं नाही. दुसऱ्यांदा तुटका आवाज जरा तसा आला. तेवढ्यात नवरा जेवून परतला आणि दारातच थबकला. पस्तिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, शर्टावर वरणाचा डाग. त्याला काही समजेना.

"काय चाललंय हे? काय झालं?" त्यानं घाबरून विचारलं.

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, अगदी नीट, पहिल्यांदाच पाहावं तसं. मग हातानं त्याला गप्प केलं आणि माझ्याकडे वळल्या.

"थांब रे," त्या म्हणाल्या, "मला ऐकू दे."